एचओएच्या घरात कोंबड्या पाळायच्यात? आधी कागद, मग खुराडं

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या शेतीसामानाच्या दुकानांत दारातूनच चिवचिवाट ऐकू येतो. पत्र्याच्या टबात, लाल दिव्याच्या उबेला, दोन-तीन दिवसांची पिवळी पिल्लं. मुलं हात सोडून तिकडे पळतात. आणि ज्यांचं लहानपण गावाकडे आजीच्या डालग्याखालची पिल्लं मोजण्यात गेलं, त्या आईबापांचंही मन लगेच विरघळतं. आमचं तेच झालं. नॉर्थ कॅरोलिनात, वेक काउंटीत, घर घेऊन आठ महिने झाले होते. टाउनचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, नियम वाचले, कोंबड्यांना परवानगी होती, चार पिल्लं घेऊन आलो. जूनमध्ये एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं: कोंबड्या चालणार नाहीत. चारही तलंगा अजून अंड्यावर आल्या नव्हत्या, आणि आम्ही त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून चॅटहॅम काउंटीतल्या मैत्रिणीच्या शेतावर सोडून आलो. मुलगी तीन दिवस आमच्याशी बोलली नाही.

चूक आमची होती. आम्ही वाचायला हवा होता तो कागद वाचलाच नव्हता. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला म्हणून मी आधी हेच सांगते: पिल्लं बघायलासुद्धा दुकानात जाऊ नका, आधी खालच्या पायऱ्या चढा.

पहिली पायरी: एचओए म्हणजे आपली सोसायटी नव्हे, हे समजून घ्या

एचओए म्हणजे होमओनर्स असोसिएशन. आपल्याला वाटतं, आलं लक्षात, पुण्या-मुंबईच्या सोसायटीसारखं काहीतरी. दिसायला तसंच आहे: मासिक किंवा वार्षिक वर्गणी, निवडून आलेलं बोर्ड, वार्षिक सभा, कुरकुर. पण मुळात फरक आहे. महाराष्ट्रातली गृहनिर्माण सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते, आणि कमिटीने अन्याय केला तर उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. नॉर्थ कॅरोलिनात एचओएच्या डोक्यावर असं कुठलंही सरकारी कार्यालय नाही. भांडण मिटलं नाही तर थेट कोर्ट.

दुसरा फरक अजून मोठा. इथे नियम जमिनीला चिकटलेले असतात. बिल्डरने प्लॉट पाडतानाच एक दस्त करून तो काउंटीत नोंदवलेला असतो. त्याचं लांबलचक नाव 'डिक्लरेशन ऑफ कव्हेनंट्स, कंडिशन्स अँड रिस्ट्रिक्शन्स', बोलताना 'सीसी अँड आर' किंवा नुसतं 'कव्हेनंट्स'. तुम्ही घर विकत घेतलंत त्या क्षणी तो दस्त तुम्हाला लागू झाला. वाचला की नाही, त्यावर वेगळी सही केली की नाही, याला महत्त्व नाही. सातबाऱ्यावरचा बोजा जसा जमिनीसोबत नव्या मालकाकडे येतो, तसंच हे. गावाकडे आपण सातबारा पाहिल्याशिवाय गुंठाभर जमीन घेत नाही, आणि इथे चार-पाच लाख डॉलरचं घर घेताना हा दस्त पीडीएफच्या ढिगात न उघडता सोडून देतो.

आज अमेरिकेत साडेसात कोटींच्या आसपास लोक अशा कम्युनिटीत राहतात. नव्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बिल्डरने प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, घर घेतलं असेल तर एचओए असणार, असंच धरून चाला.

दुसरी पायरी: टाउनचा होकार हा अर्धाच होकार

आम्ही इथेच फसलो. अमेरिकेत कोंबड्यांना शहरांचा विरोध गेल्या पंधरा-वीस वर्षांत बराच मावळला आहे. सिएटलने २०१० मध्ये घरामागे आठ कोंबड्यांपर्यंत परवानगी दिली आणि कोंबड्यावर, म्हणजे नरावर, बंदी घातली. न्यूयॉर्क शहरातही कोंबड्या चालतात. कोंबडा, बदक, हंस आणि टर्की चालत नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला तेव्हा तर ज्यांनी कधी कोंबडी हातात धरली नव्हती असे शेजारीही खुराड्यांच्या किमती विचारायला लागले.

पण टाउनचा नियम एवढंच सांगतो की सरकार तुम्हाला अडवणार नाही. एचओएचा दस्त हा खाजगी करार आहे, आणि तो टाउनच्या नियमापेक्षा कडक असू शकतो. दोन्हींपैकी जो कडक, तो पाळायचा. टाउनच्या ऑफिसात फोन केला तर तिथली माणसं 'हो, चालतं' एवढंच सांगतील, कारण तुमच्या एचओएचा कागद बघणं त्यांच्या कामात बसत नाही. टाउनचा परवाना भिंतीवर टांगलेला असला तरी एचओए दंड लावू शकते.

म्हणून दोन्हीकडे बघा. टाउनच्या नियमांत पाच गोष्टी शोधा: किती कोंबड्या, नर चालतो का, परवाना लागतो का, खुराडं कुंपणापासून आणि शेजारच्या घरापासून किती फुटांवर हवं, आणि प्लॉट किमान केवढा हवा. टाउनच्या हद्दीबाहेर असाल तर काउंटीचे नियम बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी पायरी: कागद मिळवा, तोही सगळा

घर अजून घ्यायचं असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. नॉर्थ कॅरोलिनात ऑफर मान्य झाली की 'ड्यू डिलिजन्स'ची मुदत मिळते. त्यासाठी भरलेली फी परत मिळत नाही, पण त्या मुदतीत कुठल्याही कारणाने घर सोडता येतं. होम इन्स्पेक्शनला जेवढं लक्ष देता तेवढंच या दस्ताला द्या. रिअल्टरला, म्हणजे घराच्या एजंटला, साधं वाक्य लिहून पाठवा: 'मला नोंदणीकृत कव्हेनंट्स, त्यातल्या सगळ्या दुरुस्त्या, बायलॉज आणि आर्किटेक्चरल गाइडलाइन्स हव्यात.' तोंडी 'काही प्रॉब्लेम नाही, इथे सगळे पाळतात' यावर विसंबू नका. असं म्हणणारा माणूस नंतर बोर्डापुढे तुमच्या बाजूने उभा राहायला येत नाही.

घर आधीच घेतलं असेल तर काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयाच्या, वेबसाइटवर जा. वेक काउंटीत ही नोंद ऑनलाइन बघता येते. सबडिव्हिजनच्या नावाने शोधा, नाही सापडलं तर मूळ बिल्डरच्या कंपनीच्या नावाने. एक कागद सापडला म्हणून थांबू नका. मूळ दस्तानंतर 'अमेंडमेंट' आणि 'सप्लिमेंटल डिक्लरेशन' अशा नोंदी असतात. सबडिव्हिजनच्या तिसऱ्या टप्प्याचे नियम पहिल्या टप्प्याहून वेगळे असू शकतात. आमच्याकडे मूळ दस्त २००४ चा आणि त्यावर तीन पुरवण्या होत्या.

मॅनेजमेंट कंपनीच्या पोर्टलवर जी 'रुल्स' नावाची दोन पानं असतात, ती म्हणजे हा दस्त नव्हे. त्या पानांत कोंबडीचा उल्लेख नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

चौथी पायरी: ते एक वाक्य शब्दाशब्दाने वाचा

पीडीएफमध्ये तीन शब्द शोधा: 'पोल्ट्री', 'लाइव्हस्टॉक', 'फाउल'. बहुतेक दस्तांत जवळजवळ एकच वाक्य सापडतं, कारण वकिलांनी ते एकमेकांचं बघून उतरवलेलं असतं. त्याचा मराठीत अर्थ असा: 'कोणत्याही प्लॉटवर कोणत्याही प्रकारचे प्राणी, गुरंढोरं किंवा कुक्कुट पाळता, वाढवता किंवा पैदास करता येणार नाहीत, मात्र कुत्री, मांजरं किंवा इतर घरगुती पाळीव प्राणी ठेवता येतील, ते व्यापारी हेतूने नसतील तर.'

या एका वाक्यात तीन गाठी आहेत.

पहिली, 'कुक्कुट' हा शब्द. तो स्पष्ट लिहिलेला असेल तर कोंबडी, बदक, टर्की, लाव्हे, सगळं आलं. 'लाव्हे तर लहान असतात, आवाज नाही' हे खरं असलं तरी शब्दातून सुटका होत नाही.

दुसरी, 'घरगुती पाळीव प्राणी'. पुष्कळ जण इथे बोट ठेवतात: आमची कोंबडी मुलांची लाडकी आहे, तिला नाव आहे, ती मांडीवर बसते, मग ती पाळीव नाही का? भावनेने हे मला शंभर टक्के पटतं. आमची रखमा तर माझ्या मुलीच्या खांद्यावर बसून अंगणभर फिरायची. पण वाक्यात आधी 'कुक्कुट नको' असं ठळक लिहिलं असेल तर मागून आलेल्या सवलतीतून कोंबडी आत घेणं कठीण जातं. 'कुक्कुट' शब्दच नसेल, नुसतं 'लाइव्हस्टॉक' असेल, तर तुमची बाजू बरीच बळकट. अशा बंधनांचा अर्थ संदिग्ध असेल तर तो जमिनीच्या मोकळ्या वापराच्या बाजूने लावायचा, हे नॉर्थ कॅरोलिनाच्या कोर्टांचं जुनं तत्त्व आहे. पण ते तत्त्व कामाला येतं ते कोर्टात, आणि कोर्टाचा खर्च चार कोंबड्यांना झेपत नाही.

तिसरी गाठ, 'व्यापारी हेतू'. दस्तात कोंबडीला वाट असली तरी शेजाऱ्यांना डझनाला पाच डॉलर घेऊन अंडी दिलीत की ती वाट बंद होऊ शकते. अंडी वाटा, विकू नका. बदल्यात कोणी घरचे टोमॅटो आणून दिले तर आनंदाने घ्या.

मग दस्तात आणखी दोन कलमं शोधा. एक 'न्यूसन्स'चं, म्हणजे वास, आवाज, उपद्रव. दुसरं बांधकामाचं: शेड, आउटबिल्डिंग, कुंपण. कोंबडीबद्दल एक अक्षरही नसलेल्या दस्तात 'घराव्यतिरिक्त कुठलंही स्वतंत्र बांधकाम नको' असं कलम असू शकतं, आणि मग कोंबड्या चालतात पण खुराडं चालत नाही अशी विचित्र स्थिती होते.

राज्यागणिक फरक पडतो, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव जसाच्या तसा उचलू नका. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात २०१४ च्या एका कायद्याने एचओएतल्या घरमालकांना घरामागे स्वतःपुरती शेती करायचा हक्क मिळाला, पण तो खाण्याजोग्या पिकांपुरता आहे, त्यात कोंबडी बसत नाही. त्याच राज्याच्या सिव्हिल कोडमधलं ४७१५ वं कलम किमान एक पाळीव प्राणी ठेवू द्या म्हणतं आणि त्यात 'माणसाळलेला पक्षी' असा शब्द आहे. कोंबडी त्यात येते का, यावर स्थानिक वकिलाचं मत घेतल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

पाचवी पायरी: दस्त गप्प असेल तर लेखी विचारा

बंदी नाही असं दिसलं की लगेच दुकान गाठायचा मोह होतो. आठवडाभर धीर धरा. बोर्डाला किंवा मॅनेजमेंट कंपनीला छोटा ईमेल लिहा: अमुक कलमं वाचली, त्यात बंदी आढळली नाही, चार कोंबड्या ठेवायचा विचार आहे, नर नसेल, आपलं मत लेखी कळवा. उत्तर आलं की छापून ठेवा. बोर्ड दर वर्षी बदलतं. ज्या काकांनी तुम्हाला चहा पिता पिता 'खुशाल ठेवा' म्हटलं ते पुढच्या वर्षी फ्लोरिडाला गेलेले असतात.

मग खुराड्याचा अर्ज. आर्किटेक्चरल कमिटीला मापं, रंग, छताचं साहित्य आणि प्लॉटच्या नकाशावर जागा दाखवून द्यायची. घराचाच रंग आणि छपरालाही घरासारखेच शिंगल्स, एवढं केलं तरी निम्मे आक्षेप गळून पडतात. कमिटीने ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही तर काय, हे दस्तात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी मौन म्हणजे मंजुरी, काही ठिकाणी मौन म्हणजे नकार. ते कलम आधी वाचा आणि अर्ज कुठल्या तारखेला पोचला याचा पुरावा ठेवा.

सहावी पायरी: बंदीच असेल तर दस्त बदला

बोर्डातले सगळे तुमच्या बाजूचे असले तरी बोर्ड आपल्या ठरावाने दस्तातलं कलम पुसू शकत नाही. दस्त बदलायला घरमालकांचं बहुमत लागतं, तेही साधं नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या प्लॅन्ड कम्युनिटी कायद्यात किमान ६७ टक्के मतं लागतात. दस्तात त्याहून जास्त लिहिलं असेल तर जास्त. आणि हे ६७ टक्के सभेला आलेल्यांचे नव्हेत, एकूण मतांचे. जो मत देत नाही त्याचं मत विरोधातच मोजलं जातं.

आमच्या सबडिव्हिजनमध्ये ९६ घरं. म्हणजे ६५ सह्या. आम्ही पहिल्या वर्षी ५८ वर अडकलो. विरोध करणारे फार नव्हते, जेमतेम डझनभर. बाकीचे दारच उघडत नव्हते. आणि बरीच घरं भाड्याने दिलेली. भाडेकरूची सही चालत नाही, मालक हवा. आम्ही शनिवारच्या शनिवार ज्यांची दारं वाजवली त्यांतले निम्मे भाडेकरू होते हे आम्हाला उशिरा कळलं. दुसऱ्या वर्षी काउंटीच्या कर-नोंदीतून मालकांचे टपालाचे पत्ते काढले आणि प्रत्येकाला एक पानी पत्र, सहीचा कागद आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पाठवलं. तिकिटांचा तो खर्च सगळ्यात सत्कारणी लागला.

दुसरी गोष्ट आम्ही बदलली ती मसुदा. पहिल्या वर्षीचा मसुदा 'कोंबड्यांना परवानगी असावी' एवढाच होता. त्याने लोक घाबरतात. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पोल्ट्री फार्म उभा राहतो. दुसऱ्या मसुद्यात परवानगीपेक्षा अटीच जास्त होत्या: जास्तीत जास्त चार कोंबड्या, नर अजिबात नाही, कत्तल नाही, विक्री नाही, खुराडं घरामागे आणि शेजारच्या हद्दीपासून २० फुटांवर, दाणा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि अट मोडली तर बोर्डाला परवानगी काढून घेता येईल. आपल्याच हाताने आपल्यावर घातलेली बंधनं शेजाऱ्याला सर्वात जास्त आश्वस्त करतात.

दारोदार जाताना लोक काय विचारतात तेही सांगते, म्हणजे उत्तरं जवळ असतील.

'पहाटे आरवेल ना?' आरवतो तो नर, आणि अंड्यासाठी नर लागत नाही. इथे जन्मलेल्या पुष्कळ लोकांना हे खरंच माहीत नसतं. कोंबडी अंडं घातल्यावर दोन-चार मिनिटं ओरडते, तो आवाज माणसांच्या बोलण्याइतका असतो आणि रात्री ती झोपलेली असते.

'वास?' वास येतो तो ओलाव्याने. कोरडा भुसा, वरचेवर सफाई आणि पुरेशी जागा असेल तर चार कोंबड्यांचा वास कुंपणाबाहेर जात नाही.

'उंदीर?' हा आक्षेप खरा आहे, उडवून लावू नका. उंदीर कोंबडीला नव्हे, सांडलेल्या दाण्याला येतात. संध्याकाळी दाणा आत उचलून ठेवायचा, हेच उत्तर.

'बर्ड फ्लू?' हाही प्रश्न रास्त आहे. २०२२ पासून एच५एन१ अमेरिकेतल्या पोल्ट्रीत आणि रानपक्ष्यांत पसरलेला आहे. कोंबड्यांच्या आवारावर छत, रानपक्ष्यांना पोचता न येणारं पाणी, आणि खुराड्यासाठी वेगळ्या चपला. आपण घराबाहेर चपला काढणारी माणसं, आपल्याला हे जड जात नाही. अचानक दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पुरून मोकळं व्हायचं नाही, राज्याच्या पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं.

सह्या पुऱ्या झाल्या तरी काम संपत नाही. दुरुस्तीचा दस्त काउंटीत नोंदवला जाईपर्यंत ती लागू होत नाही. नोंदणी झाल्याची प्रत हातात घ्या.

सातवी पायरी: पत्र आलंच तर

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.' लपवून ठेवलेल्या कोंबड्या कळतातच. कोणाचं तरी मूल बोलतं, कुंपणावरून एखादी पलीकडे उडते. आणि लपवल्याचं कळलं की चांगल्या शेजाऱ्याचंही मन फिरतं. सुरुवातच लपवाछपवीने करू नका.

तरीही पत्र आलं तर पहिलं काम, त्यावरची तारीख वाचणं. नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्याप्रमाणे दंडाआधी नोटीस आणि सुनावणीची संधी द्यावीच लागते. सुनावणीत उल्लंघन ठरलं तर १०० डॉलरपर्यंत दंड, आणि निर्णयानंतर पाच दिवस उलटूनही उल्लंघन चालू राहिलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० डॉलरपर्यंत, वेगळी सुनावणी न घेता. महिन्याभरात आकडा कुठे जातो ते बोटांवर मोजा. हा दंड थकला की घरावर बोजा चढू शकतो. सुनावणी बोर्डाऐवजी नेमलेल्या पॅनलपुढे झाली असेल तर निर्णयापासून १५ दिवसांत पूर्ण बोर्डाकडे लेखी अपील करता येतं.

सुनावणीला जा. न जाणं ही सर्वात महागडी चूक. फोटो न्या, स्वच्छ खुराड्याचे. शेजाऱ्याचं 'आमची हरकत नाही' असं दोन ओळींचं पत्र न्या. आणि दस्तात बंदी स्पष्ट असेल तर हट्ट न करता एकच मागणी करा: कोंबड्यांना नवं घर शोधायला ३० किंवा ६० दिवस द्या. माणसं माणुसकीने मागितलेली मुदत बहुतेक वेळा देतात. आम्हाला ४५ दिवस मिळाले.

'दुसऱ्याच्या घरी पण आहेत' हा बचाव मी तरी करणार नाही. कायद्यात त्याला थोडी जागा असते, पण त्यातून तुमच्या कोंबड्या वाचण्याआधी दुसऱ्याच्या जातात, आणि शेजारधर्म कायमचा संपतो.

अजून एक वाट लोक सुचवतात: कोंबडी 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल', म्हणजे मानसिक आधारासाठी लागणारा प्राणी, म्हणून नोंदवून ऑनलाइन चिठ्ठी आणायची. करू नका. घराबाबतच्या फेडरल कायद्यात अपंगत्व असलेल्यांसाठी ही सोय खरोखर गरजेची आहे, आणि केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या २०२० च्या मार्गदर्शक पत्रात गोठ्यातले-खुराड्यातले प्राणी सामान्य घरगुती प्राण्यांत मोडत नाहीत असंच लिहिलं होतं. अशा वेगळ्या प्राण्यासाठी मोठा पुरावा मागितला होता. ज्यांची गरज खरी आहे त्यांच्याकडे उद्या संशयाने पाहिलं जाईल असं काही आपल्या हातून होऊ नये.

आठवी पायरी: परवानगी मिळाली, आता पिल्लं

कोंबड्या सांभाळण्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. इथे फक्त तेवढंच, ज्याने एचओएशी गाठ पडते.

पिल्लं घेताना 'स्ट्रेट रन' लिहिलेला टब टाळा. त्यात नर-मादी निवडलेले नसतात, म्हणजे निम्मे कोंबडे निघायची शक्यता. 'पुलेट' म्हणजे तलंग निवडलेली असते, तरी दहात एखादी चूक होते. खात्री हवी तर 'सेक्स-लिंक' जातीची घ्या; त्यांच्या पिल्लांत नर-मादीचा रंगच वेगळा असतो. बऱ्याच दुकानांत एका वेळी ठरावीक संख्येहून कमी पिल्लं देत नाहीत. तुमची मर्यादा चार आणि दुकानाची किमान सहा असेल तर दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्या, 'दोन जास्त कोण मोजतंय' म्हणू नका. एखादा नर निघालाच तर तो कोणाकडे द्यायचा, हे पिल्लं आणण्याआधीच ठरवून ठेवा. बफ ऑर्पिंग्टन आणि ऑस्ट्रालॉर्प शांत असतात, शेजार जवळ असेल तर या बऱ्या.

खुराड्यात कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीच्या आवारात आठ ते दहा चौरस फूट जागा धरा. जाळी षटकोनी 'चिकन वायर' घेऊ नका, ती कोंबडीला आत ठेवते पण रॅकूनला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची 'हार्डवेअर क्लॉथ', म्हणजे बारीक चौकोनी तारेची जाळी, घ्या आणि ती जमिनीतही उतरवा. गावाकडे मुंगसाची आणि घारीची भीती, इथे रॅकून, कोल्हा, ससाणा आणि पॉसम. रॅकूनचे हात माणसाच्या पोरासारखे चालतात, साधी कडी तो उघडतो.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, मग दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरवायची. अंडी सुरू व्हायला साधारण १८ ते २४ आठवडे. मार्चची पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरात अंड्यावर येतात. उन्हाळ्यात एखादी खुडूक बसली तर ती अंडी देणं थांबवते आणि खोक्यातून उठत नाही. नर नसल्याने अंडी उबणार नाहीत, म्हणून तिला रोज हलक्या हाताने उठवून बाहेर सोडायचं.

घरात लहान मूल असेल तर एक नियम कडकपणे पाळा. कोंबड्यांपासून साल्मोनेला होतो, दरवर्षी इथे त्याच्या साथी येतात. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लं हाताळू द्यायची नाहीत, आणि बाकीच्यांनी हात लावला की लगेच साबणाने हात धुवायचे. भारतातून आलेले आजी-आजोबा कौतुकाने पिल्लू नातवाच्या गालाला लावतात, त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

आणि पैशांचा हिशेब मनात असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा. चार चांगल्या कोंबड्या आठवड्याला वीसेक अंडी देतात. साधं खुराडं, जाळी आणि दाणा मिळून पहिल्या वर्षी शेकडो डॉलर जातात.

इतकं करूनही जमलं नाही तर

घर अजून घेतलं नसेल आणि कोंबड्या खरोखर जिवाच्या असतील तर एचओए नसलेलं घर शोधा, थोडं जुनं, थोडं लांब. टाउनच्या हद्दीबाहेर अशी घरं मिळतात. घर घेऊन झालं असेल तर शेत असलेल्या ओळखीच्या माणसाशी बोला: कोंबड्या तुमच्या, दाण्याचा खर्च तुमचा, दर शनिवारी सफाई तुमची, जागा त्यांची.

आम्ही दोन वर्षं तेच केलं. दुसऱ्या वर्षी आमच्या सह्या ६६ वर गेल्या, लागत होत्या त्याहून एक जास्त. शेवटचा लिफाफा ॲरिझोनाहून आला, एका घरमालकाचा, ज्यांना आम्ही कधी पाहिलं नाही. सहीखाली त्यांनी हाताने लिहिलं होतं की त्यांच्या आईकडेही कोंबड्या होत्या. दुरुस्तीची नोंद मे महिन्यात झाली, खुराड्याचा अर्ज जूनमध्ये मंजूर झाला. त्या चारपैकी एक तोवर कोल्ह्याने नेली होती. उरलेल्या तिघींना आणायला गेलो तेव्हा मुलीने मैत्रिणीच्या शेतावर रखमाला लांबूनच हाक मारली, आणि ती धावत आली.